पत्र्याचा सांधा, कागदाचा सांधा

घरी मोटार घडविणाऱ्या हातांविषयी

मोटार ही वस्तू बँकेत आम्हांला प्रामुख्याने कागदांच्या रूपाने भेटते. विक्रेत्याचे दरपत्रक, विम्याची पावती, परिवहन कार्यालयाचे नोंदणीपुस्तक, त्यावरील तारणाची नोंद आणि पुढे दरमहाचे हप्ते, एवढ्यात तिची ओळख पूर्ण होते. तिचा पत्रा किती जाडीचा आहे, तो कोठे आणि कसा जोडलेला आहे, हे प्रश्न कर्जप्रकरणात सहसा उपस्थित होत नाहीत. कारखान्यावर विश्वास ठेवून आपण सारे निश्चिंत असतो. परंतु आपल्या समाजात अशीही काही माणसे आहेत, की ज्यांना मोटार विकत घेण्यापेक्षा ती स्वतःच्या हातांनी घडविण्याचा, किंवा मोडकळीस आलेली मोटार पुन्हा उभी करण्याचा ध्यास लागतो. त्यांच्यापुढे मात्र दोन प्रश्न एकदम उभे राहतात. पत्र्याचा सांधा पक्का आहे काय? आणि कागदाचा सांधा पक्का आहे काय? पहिला सांधा प्रवाशांचा जीव राखतो, दुसरा त्या मोटारीला रस्त्यावर येण्याचा अधिकार देतो. या दोन्ही सांध्यांचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

हेब्बाळपासून कृष्णाकाठापर्यंत

बंगळुरूच्या उत्तर भागात, विमानतळाकडे जाणाऱ्या बळ्ळारी रस्त्यावर हेब्बाळ वसले आहे. जुना तलाव, कृषी विद्यापीठाचा हिरवा परिसर आणि या साऱ्याजवळून वळसे घेत जाणारा उड्डाणपूल ही त्याची ओळख. याच रस्त्यालगतच्या ‘किर्लोस्कर बिझनेस पार्क’ या नावाशी मराठी माणसाची नजर क्षणभर थबकते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान थाटले, पुढे लोखंडी नांगर घडविले आणि १९१० मध्ये औंध संस्थानातील माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली. त्यांच्या कुटुंबाच्या उद्योगाची एक शाखा १९४६ मध्ये ‘किर्लोस्कर इलेक्ट्रिक’च्या रूपाने बंगळुरूत रुजली.

त्याआधी, १९४० मध्ये, सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने याच शहरात हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना केली होती. युद्धोत्तर काळात या कारखान्याने विमानांबरोबरच रेल्वेचे डबेही बांधले आणि १९६४ मध्ये डब्यांचे हे काम ‘बीईएमएल’कडे गेले. त्याच वालचंदांनी १९४४ मध्ये ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ स्थापन केली आणि तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे आपल्या सर्वांच्या परिचयाची पद्मिनी बाहेर पडली. पत्रा कापणे, वाकविणे आणि जोडणे ही विद्या अशा रीतीने बंगळुरूच्या अंगवळणी पडून बराच काळ लोटला आहे, आणि तिचा एक धागा महाराष्ट्राशी बांधलेला आहे.

किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात येते. त्याच जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे हे गाव आहे. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १९१३ मध्ये याच गावी झाला. डिसेंबर २०२१ मध्ये हे गाव पुन्हा एकदा देशभर चर्चेत आले, ते एका लोहाराने घडविलेल्या छोट्या जीपमुळे.

देवराष्ट्रेची जीप

दत्तात्रय लोहार यांचा व्यवसाय लोखंडकामाचा. मुलाची चारचाकीची हौस पुरवावी, परंतु नवी गाडी घेण्याइतके पैसे हाताशी नाहीत, अशा परिस्थितीत त्यांनी भंगारातील सुटे भाग जमवून घरीच गाडी तयार केली. खर्च सुमारे साठ हजार रुपये आला. या गाडीचे इंजिन दुचाकीच्या धर्तीवर पायाने किक मारून सुरू होई आणि सुकाणूचक्र डाव्या बाजूस होते. तिचे चित्रीकरण समाजमाध्यमांवर पसरले आणि उद्योगपती आनंद महिंद्रा यांच्या पाहण्यात आले. त्यांनी या कल्पकतेचे मनापासून कौतुक केले. त्याचबरोबर ही गाडी नियमांत बसत नाही, त्यामुळे आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावर येऊ देणार नाहीत, हेही त्यांनी स्पष्टपणे सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबास बोलेरो मिळाली. घरी घडविलेली गाडी चेन्नईजवळील ‘महिंद्रा रिसर्च व्हॅली’ या संशोधन केंद्रात ठेवून अभियंत्यांना तिच्यापासून प्रेरणा मिळावी, असा महिंद्रा यांचा मानस होता.

ही हकिकत एखाद्या सुखान्त कथेसारखी सांगितली जाते, आणि ती सुखान्त आहेही. तथापि तिच्यात एक बोच राहते. ज्या माणसाने चार चाकांवर धावणारी वस्तू शून्यातून उभी केली, त्याला स्वतःच्या निर्मितीचे नोंदणीपुस्तक मिळविण्याचा सुलभ मार्ग नव्हता. पत्र्याचा सांधा त्याच्या हातात होता, कागदाचा नव्हता. एका उद्योगपतीच्या औदार्यामुळे त्याची अडचण सुटली. पण असे औदार्य प्रत्येक शेडच्या दारापर्यंत पोहोचेल, अशी अपेक्षा कोणी करू नये.

मीराची आठवण

या संदर्भात आणखी एका गाडीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. सांगलीच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये एक छोटी मोटार तयार केली आणि पुढे सुमारे पंचवीस वर्षे तिच्या सुधारित आवृत्त्या घडविल्या. या मोटारीचे नाव ‘मीरा’. सामान्य कुटुंबास परवडेल अशी भारतीय बनावटीची मोटार, हे त्यांचे ध्येय होते. सत्तरच्या दशकातील मीराचे इंजिन मागील बाजूस होते, धक्के शोषण्यासाठी रबराचा उपयोग केलेला होता, आणि किंमत सुमारे बारा हजार रुपये ठेवण्याचा त्यांचा संकल्प होता.

१९५१ च्या औद्योगिक कायद्यामुळे त्या काळी मोटारीसारखे उत्पादन सुरू करण्यास केंद्र सरकारचा परवाना आवश्यक होता. मीरा नमुन्याच्या पुढे जाऊन उत्पादनापर्यंत पोहोचू शकली नाही. जनसामान्यांच्या छोट्या मोटारीसाठी देशाला डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ची वाट पाहावी लागली. कुलकर्णींच्या काळातील अडसर उत्पादनाच्या परवान्याचा होता, लोहारांच्या काळातील अडसर सुरक्षेच्या प्रमाणपत्राचा आहे. दोन्हींचे स्वरूप वेगळे आहे, आणि दुसऱ्या अडसरामागे सबळ कारण आहे. ते समजून घ्यावयाचे तर पत्र्याच्या कामात थोडे खोल शिरले पाहिजे.

हेब्बाळमधील एक शेड

आमच्या शाखेचे एक ज्येष्ठ ग्राहक मूळचे बेळगावकडचे. यंत्रशाळेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते हेब्बाळला स्थायिक झाले. शाखेत आम्ही सारे त्यांना काका म्हणतो. घरामागील शेडमध्ये त्यांनी आपल्या वडिलांची जुनी प्रीमियर पद्मिनी पुन्हा उभी करावयास घेतली. तिच्या खर्चासाठी ते मुदत ठेवीवर थोडे कर्ज घेण्यास आले, आणि त्या निमित्ताने हे काम जवळून पाहण्याची संधी मिळाली.

जीप आणि पद्मिनी यांच्या रचनेत एक मूलभूत भेद आहे. जुन्या जीपला खाली शिडीसारखी भक्कम लोखंडी चौकट असते आणि सांगाडा तिच्यावर बसविलेला असतो. पद्मिनी ही ज्या फियाट ११०० पासून आली, तिला अशी स्वतंत्र चौकट नाही. तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पेट्या, खांब आणि छत हे सर्व एकमेकांना जोडून जो डबा तयार होतो, तोच गाडीचा कणा असतो. त्यामुळे अशा गाडीत दाराखालील पेटी गंजली म्हणजे केवळ शोभा गेली असे होत नाही. कणाच पोखरला जातो.

काकांच्या गाडीचा रंग वरून बरा होता. त्यांनी एक छोटे लोहचुंबक पातळ कागदात गुंडाळले आणि दारांखालून हळूहळू फिरविले. काही ठिकाणी ते घट्ट चिकटे, तर काही ठिकाणी सरळ खाली पडे. जेथे ते पडले, तेथे पत्र्याऐवजी पुटी भरलेली होती. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पाहिले आणि ते सहज आत गेले. पूर्वी कधीतरी कोणी गंजावरच पुटी थापून रंग दिला होता. कन्नडमध्ये गंजाला ‘तुक्कू’ म्हणतात. शेजारच्या एका कारागिराने गाडीकडे पाहून हाच एक शब्द उच्चारला आणि वरून नवा पत्रा मारून तीन दिवसांत गाडी चकचकीत करून देण्याची तयारी दाखविली.

“काका, तीन दिवसांत काम होत असेल तर एवढी यातायात कशासाठी?” मी विचारले.

“अहो, पुटी रंगाला धरते, गाडीला धरत नाही,” काका म्हणाले. “या गाडीतून नातवंडांना घेऊन मला बेळगावास जायचे आहे. बाजूने कोणी धडकला, तर मध्ये उभी राहणार ती ही पेटीच ना?”

या एका उत्तरात साऱ्या प्रकरणाचे मर्म आले.

कापणे आधी, जोडणे नंतर

गंजाच्या कामाचा पहिला नियम असा, की चकचकीत निरोगी पत्रा लागेपर्यंत गंजलेला भाग कापून काढावा. गंजावर वेल्डिंग धरत नाही, आणि धरल्यासारखे दिसले तरी गंज आतून पुढे सरकतच राहतो. परंतु पेटी कापण्यापूर्वी काकांनी दाराच्या मोकळ्या चौकटीत लोखंडी अँगलचे तात्पुरते आधार लावले. कणा कापताना गाडी किंचित जरी वाकली, तरी नवी पेटी त्याच वाकलेल्या स्थितीत जोडली जाते आणि नंतर दार कधीच नीट बसत नाही. याच कारणासाठी दोन्ही बाजूंच्या पेट्या त्यांनी एकाच वेळी कापल्या नाहीत. एक पूर्ण झाल्यावरच दुसरीस हात घातला.

नव्या तुकड्यासाठी प्रथम पुठ्ठ्याचा नमुना कापला आणि त्यावरून वीस गेजचा, म्हणजे सुमारे नऊ दशांश मिलिमीटर जाडीचा सीआर पत्रा घेतला. मूळ पत्र्याशी जाडी जुळणे महत्त्वाचे असते. फार जाड पत्रा लावला तर वेल्डिंगच्या वेळी पातळ बाजू वितळून जाते आणि जाड बाजू नीट तापतही नाही.

आता वेल्डिंगचे प्रकार पाहू. खिडकीच्या जाळ्या आणि फाटके करणारे आपले नेहमीचे कारागीर विजेवर रॉडने वेल्डिंग करतात. जाड लोखंडास ते उत्तम, परंतु मोटारीच्या पातळ पत्र्याला त्याने भोके पडतात. जुने डेंटर गॅसचा झोत वापरत. त्याचे तापमान तीन हजार अंशांच्या वर जाते आणि उष्णता दूरवर पसरत असल्याने पत्रा लहरी घेतो. कसबी हात हा पत्रा हातोडी आणि डॉलीने पुन्हा सरळ करीत असे. पण त्या कलेस वर्षानुवर्षांचा सराव लागतो. घरच्या कामासाठी आज सोयीचे ठरते ते तारेचे वेल्डिंग, ज्याला कारखान्यांतून ‘सीओटू वेल्डिंग’ म्हणतात. यात सुमारे आठ दशांश मिलिमीटर जाडीची तार यंत्रातून आपोआप पुढे येत राहते आणि तिच्याभोवती सोडलेला वायू वितळलेल्या धातूस हवेपासून वाचवितो.

यंत्र चांगले असले तरी संयम हवाच. पोलाद सुमारे दीड हजार अंशांना वितळते. एक मीटर लांबीची पोलादी पट्टी शंभर अंशांनी तापली तरी सुमारे सव्वा मिलिमीटरने वाढते. सांध्यापाशी तापलेला पत्रा सभोवारच्या थंड पत्र्यामुळे मोकळेपणी वाढू शकत नाही, तेथेच दबतो, आणि निवताना आक्रसून आजूबाजूचा भाग ओढून घेतो. सलग रेघ ओढीत गेल्यास पत्र्याला पोळी फुगल्यासारखे उमाळे येतात ते यामुळेच. म्हणून एक टाका येथे, दुसरा वीतभर दूर, तिसरा पहिल्याच्या पलीकडे, अशा रीतीने जावे आणि दर वेळी हात लावता येईल इतके निवू द्यावे. अशा विरामांसह एका पेटीस काकांचे कित्येक रविवार लागले.

ज्या ठिकाणी कारखान्याने स्पॉट वेल्डिंग केले होते, तेथे त्यांनी वरच्या पत्र्यास छोटी भोके पाडून ती खालच्या पत्र्यापर्यंत वितळलेल्या धातूने भरली. मूळ ठिपके जितके होते, तितकीच भोके त्यांनी मोजून पाडली. ग्राइंडरने सांधा सपाट करतानाही हात आखडता ठेवावा लागतो. अधिक घासले, तर जोडलेला भागच कागदासारखा पातळ होतो.

सांधा पारखावा कसा?

वेल्डिंग दिसावयास सुबक असूनही कच्चे असू शकते. याची परीक्षा काकांनी गाडीवर घेतली नाही. त्याच जाडीच्या पत्र्याचे तुकडे जोडून, ते शिकंज्यात धरून तुटेपर्यंत वाकविले. सांध्याच्या बाजूचा पत्रा फाटला आणि सांधा टिकला, तर जोड खरा. सांधाच उकलला, तर यंत्राचा विद्युत्प्रवाह किंवा तारेचा वेग बदलावा आणि पुन्हा प्रयत्न करावा. भंगारातील पत्र्याच्या असंख्य पट्ट्या अशा रीतीने मोडून झाल्यावरच त्यांनी पेटीस हात लावला.

सांधा पूर्ण झाल्यावर त्यावर प्रायमर, शिवणीवर सीलंट आणि पेटीच्या पोकळीत मेणासारखे गंजरोधक सोडणे आवश्यक असते. तळाशी पाणी निघून जाण्यासाठी मूळची छिद्रे असतात. ती उत्साहाच्या भरात बुजविली, तर नव्या पत्र्यालाही आतून गंज लागतो. पुटीचा उपयोग अखेरच्या सफाईपुरता, दोन-तीन मिलिमीटरच्या आत राहावा.

जिवाची काळजी

घरी हे काम करू इच्छिणाऱ्या वाचकांनी काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. वेल्डिंगचा प्रकाश नुसत्या डोळ्यांनी पाहिल्यास काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी तीव्र आग होते, म्हणून योग्य गडद काचेचा मुखवटा अनिवार्य आहे. जस्ताचा थर असलेला पत्रा तापला की निघणाऱ्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. म्हणून जोडाच्या जागेवरील जस्त आधी घासून काढावे आणि शेड हवेशीर ठेवावी. पेट्रोलची टाकी रिकामी असली तरी तिच्यातील वाफ स्फोटक असते. तिच्यावर घरी वेल्डिंग कदापि करू नये, आणि गाडीवरील कामापूर्वी ती उतरवून दूर ठेवावी. बॅटरी सोडवावी, आसने व गालिचे काढावेत, अग्निशामक नळकांडे आणि पाण्याची बादली जवळ असू द्यावी. काम संपल्यावर किमान अर्धा तास शेड सोडू नये. एखादी दडून राहिलेली ठिणगी माणसे जेवावयास गेल्यानंतर पेट घेते.

कायद्याची चौकट

आता कागदाच्या सांध्याकडे वळू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालविता येत नाही, आणि कलम १४६ नुसार त्रयस्थ व्यक्तीच्या हानीचा विमा सक्तीचा आहे. नवे वाहन नोंदवावयाचे तर त्या वाहनाच्या नमुन्यास केंद्रीय मोटार वाहन नियमावलीच्या नियम १२६ प्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेकडून चाचणी प्रमाणपत्र लागते. पुण्याची १९६६ मध्ये स्थापन झालेली ‘एआरएआय’, पुण्याचीच ‘सीआयआरटी’ आणि अहिल्यानगर येथील ‘व्हीआरडीई’ या अशा संस्था होत. ही सारी व्यवस्था हजारो गाड्या बनविणाऱ्या उत्पादकाला नजरेसमोर ठेवून आखलेली आहे. एकच गाडी घडविणाऱ्याला तिचा खर्च पेलणे कठीण.

या कठोरपणामागील कारण काकांच्या पट्ट्यांनीच सांगितले आहे. सांध्याची खरी ताकद तो तुटेपर्यंत कळत नाही. कारखाना एक गाडी धडकवून चक्काचूर करतो आणि तिच्या अनुभवावर उरलेल्यांना प्रमाणपत्र मिळते. घरी एकुलती एक गाडी घडविणारा ती मोडून पाहणार कशी? आणि रस्त्यावर तिच्या समोरून येणाऱ्या माणसाला तिच्या जोडांची खात्री कोणी द्यावी?

जुन्या नोंदणीकृत गाडीचे पुनरुज्जीवन मात्र या चौकटीत बसू शकते. कलम ५२ प्रमाणे मूळ उत्पादकाने ठरविलेल्या वैशिष्ट्यांशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा फेरबदल करणाऱ्या मालकास प्रत्येक फेरबदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गंजलेला पत्रा काढून त्याच आकाराचा, त्याच जागी नवा पत्रा बसविणे ही दुरुस्ती होय. छत कापून गाडी उघडी करणे किंवा वेगळ्या जातीचे इंजिन बसविणे हा फेरबदल होय. काकांच्या मनात प्रारंभी पद्मिनीस आधुनिक डिझेल इंजिन बसविण्याचा विचार होता. नोंदणीपुस्तक वाचल्यावर त्यांनी तो सोडला आणि मूळ इंजिनच दुरुस्त केले.

खासगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण घ्यावे लागते. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जतन केलेल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र नियम झाले असून त्यांना ‘व्हीए’ अक्षरांची विशेष नोंदणी मिळते. मात्र अशा गाड्या रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाहीत. पद्मिनी तर आता सार्वजनिक सेवेतूनही निवृत्त झाली आहे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींच्या ताफ्यातील अखेरच्या पद्मिनीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. घरोघरी उरलेल्या पद्मिनी आता अशाच हातांवर विसंबून आहेत.

बँक कोठे साहाय्य करू शकते?

घरी घडविलेल्या, नोंदणी नसलेल्या वाहनावर बँक वाहनकर्ज देऊ शकत नाही. नोंदणीपुस्तक नसल्याने तारणाची नोंद होत नाही आणि विमाही मिळत नाही. परंतु हातातील कौशल्य हे स्वतःच कर्जास पात्र असू शकते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील अठरा पारंपरिक व्यवसायांत लोहारकामाचा समावेश आहे. योजनेत प्रशिक्षण, त्या काळात दररोज पाचशे रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य, तसेच प्रथम एक लाख आणि त्याची परतफेड केल्यावर दोन लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज पाच टक्के व्याजाने देण्याची तरतूद आहे. वेल्डिंग किंवा डेंटिंग-पेंटिंगचे गॅरेज काढू इच्छिणाऱ्यास २०१५ पासून चालू असलेल्या मुद्रा योजनेचाही विचार करता येतो. तिच्यात शिशू गटात पन्नास हजार, किशोर गटात पाच लाख आणि तरुण गटात दहा लाखांपर्यंत कर्ज मिळते. पूर्वीचे तरुण कर्ज नीट फेडणाऱ्यांसाठी ही मर्यादा वीस लाखांपर्यंत वाढविण्यात आली आहे.

केवळ हौसेखातर जुनी गाडी उभी करणाऱ्याने, काकांप्रमाणे, ठेवीवरील कर्जाचा मार्ग पत्करणे शहाणपणाचे. अशा कामाचा खर्च गंज कापल्यावरच खऱ्या अर्थाने कळतो आणि तो अंदाजापेक्षा सहसा अधिकच निघतो. म्हणून कापण्यापूर्वी परिवहन कार्यालयात गाडीची नोंद जिवंत आहे ना, तिच्यावर जुने तारण किंवा थकलेला कर नाही ना, याची खात्री करून घ्यावी. कित्येक उत्साही मंडळी पत्र्यावर वर्षभर खर्च करतात आणि मग कागद शोधावयास निघतात. हा क्रम उलटा असावा.

देवराष्ट्रेसारख्या गावांतील कल्पक हातांसाठी आपल्या देशात एखादी सोपी, अल्पखर्चाची तपासणीची वाट असावी, अशी इच्छा कोणाही विचारी माणसाच्या मनात येईल. मर्यादित वेगाच्या, एकाच नगाच्या वाहनांचे जोड अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत तपासून देता येतील काय, याचा विचार व्हावयास हरकत नाही. अशी वाट निघाली, तर सुरक्षेशी तडजोड न होता कौशल्यास प्रतिष्ठा मिळेल. तोवर नियमांचे पालन हेच आपल्या आणि इतरांच्याही हिताचे.

वाचकहो, आपल्यापैकी फार थोडे जण स्वतः वेल्डिंगचे यंत्र हाती घेतील. परंतु जुनी मोटार विकत घेण्याचा प्रसंग अनेकांवर येतो. अशा वेळी कागदात गुंडाळलेले एक छोटे लोहचुंबक खिशात असू द्यावे. ते दारांखालून फिरवावे, पायाखालचा गालिचा उचलून तळ पाहावा, आणि मग नोंदणीपुस्तकावरील इंजिन व चासी क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. दोन्ही सांधे पक्के आढळले, तर पुढील कागदपत्रांसाठी आमच्या शाखेत आपले स्वागत आहे.